मास्क लावून कबड्डी

जाई भालेराव या बाईने आयुष्यात एकाच दिवशी खोटी शिट्टी मारली, आणि ती माझ्या चढाईवर मारली. ती माझी सख्खी आत्या आहे. त्यामुळे हे मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

आम्ही ठाकुर्लीचे. चाळीत आमच्या शेजारशेजारच्या दोन खोल्या आहेत. एकीत आई, पप्पा आणि मी, दुसरीत आत्या. पप्पांचं नाव चांगदेव. ते तिच्यापेक्षा लहान, आणि आजही ते तिच्यासमोर आवाज चढवत नाहीत. लहानपणी ती रेल्वेच्या मैदानात पोरांबरोबर कबड्डी खेळायची. वस्तीतल्या बायका आजीला सांगायला यायच्या की पोरीला आवरा, हातपाय मोडून घेईल, मग लग्न कोण करणार. आजी म्हणायची, तुम्हीच आवरून बघा. कुणाला जमलं नाही. पुढे आत्याने लग्नही केलं नाही. बघायला आलेल्यांना चहा पाजून ती परत पाठवायची. शेवटी लोकांना तिचा चहा नको झाला.

कल्याणला महापालिकेच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका झाली. पोरं जाईबाई म्हणायची, तेच नाव पुढे जिल्ह्यातल्या सगळ्या मैदानांवर चालू लागलं. मग तिने पंचांची परीक्षा दिली आणि आमचे रविवार संपले. पांढरा टी-शर्ट, निळी पँट, गळ्यात शिट्टी, की निघाली बाई. कधी वर्तकनगर, कधी मुरबाड, कधी शहापूर. मिळायचं काय, तर एक वडापाव आणि एक नारळ. नारळाची आई चटणी करायची आणि आम्ही म्हणायचो, आज आत्याचा पगार झाला.

कबड्डी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाईला गेलेल्याने एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. त्याला दम म्हणतात. तो पंचाला स्पष्ट ऐकू आला पाहिजे. ऐकू आला नाही, तर पंच चढाई तिथेच थांबवून खेळाडूला माघारी पाठवतो आणि समोरच्या संघाला एक तांत्रिक गुण मिळतो. बाकीचे पंच रेषा बघतात, पाय बघतात. आत्या कान लावून उभी राहायची. स्वतःच्या शाळेच्या संघाला एकदा फायनलमध्ये शेवटच्या चढाईवर तिने माघारी बोलावलं होतं. शाळा हरली. मुख्याध्यापक पुढे कितीतरी दिवस तिच्याशी फक्त शिपायामार्फत बोलत होते. आत्याचं म्हणणं एवढंच होतं की दम तुटला तर तुटला, त्यात आपला आणि परका असं काही नसतं. माझ्या सामन्याला मात्र ती पंच म्हणून कधीच उभी राहिली नाही. उगाच कुणाला बोलायला जागा नको, म्हणायची.

मग कोरोना आला. शाळा बंद झाल्या आणि शिक्षकांना घरोघरी सर्व्हेला जुंपलं. आत्याच्या एका हातात ताप मोजायचं पिस्तूल, दुसऱ्या हातात बोटाला लावायचा तो चिमटा. कल्याण पूर्वेच्या एका चाळीत एका माणसाने तिला खरं सांगितलं की बायकोला ताप आहे. तिने नोंद केली, तेच तिचं काम होतं. दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली, गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले गेले, आणि शेजाऱ्यांनी त्या घराला सार्वजनिक नळावर यायला बंदी केली. बाई बरी होऊन परत आली तेव्हा तिच्यासमोर नळ ब्लिचिंग पावडरने धुतला. आत्या तिथे जाऊन भांडली. 'पाणी तोडणारे तुम्ही कोण' असं तिने विचारलं, तर उत्तर मिळालं, 'नाव तुम्हीच दिलंत ना मॅडम?' त्या दिवशी ती घरी आली आणि जेवली नाही. आमच्या लोकांना पाणवठ्यावरून हाकलल्याच्या गोष्टी तिने आजीकडून ऐकल्या होत्या. आता नळ होता, माणसं शिकलेली होती आणि हाकलणं तसंच होतं, हे तिला फार लागलं.

मी तेव्हा डोंबिवलीच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. वर्ग बंद, लायब्ररी बंद, परीक्षा मोबाइलवर. मी डावा कोपरा खेळायचे आणि चढाईही करायचे. आमच्यासारख्या पोरींना खेळ म्हणजे काही नुसता छंद नसतो. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर राज्य स्पर्धा, राज्य स्पर्धेचं सर्टिफिकेट हातात आलं तर पोलीस भरतीत खेळाडूंची जागा. माझी सगळी गणितं त्या एका निवडीवर होती. वर्षभर मी चाळीच्या गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होते, आणि खालच्या मजल्यावरचे काका पंखा हलतो म्हणून ओरडत होते.

फेब्रुवारीत आमच्या कोच महेंद्र सरांचा फोन आला. ठाण्यात वर्तकनगरजवळच्या एका मैदानावर आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा होणार होती. निवड समिती तिथे बसणार आणि जिल्ह्याचा संघ तिथूनच निवडणार. सरांचा आवाज खुश वाटला नाही. पण त्यांची नोकरी कंत्राटी होती, त्यामुळे मनात जे होतं ते त्यांनी मनातच ठेवलं. मी मात्र फोन ठेवून ओट्याभोवती नाचले.

स्पर्धा भरवणारे होते देवेशभाऊ. त्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणतात. पालिकेची निवडणूक लांबली होती, भाऊंचा वाढदिवस मात्र वेळेवर आला होता. ज्या शहरात पोरांना पुस्तक बदलायला लायब्ररीत पाय ठेवता येत नव्हता, तिथे भाऊंना दोन दिवसांत मैदान मिळालं. अट एकच होती, मैदानावरच्या प्रत्येकाच्या तोंडावर मास्क पाहिजे. खेळणाऱ्यांच्या सुद्धा. ज्या कुणी ही अट कागदावर लिहिली त्याने कबड्डी एक तर पाहिली नव्हती, किंवा पाहूनही त्याला काही फरक पडत नव्हता.

घरात वाद झाला. पप्पा म्हणाले, जाऊ दे तिला, वर्ष वाया जाईल. आत्या नको म्हणाली. मी भडकले. लग्नं होतायत, सभा होतायत, बार उघडलेत, तिथे नाही होत कोरोना आणि आमच्या खेळातच बरा होतो, असं सगळं बोलले. आत्याने सगळं ऐकून घेतलं. तुझं बोलणं बरोबर आहे, म्हणाली, पण वर्ग बंद ठेवून मैदान उघडतात ते तुमच्यासाठी उघडत नाहीत, एवढं लक्षात ठेव. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना अशी आमची अवस्था होती, आणि ही बाई मला लक्षात ठेवायला सांगत होती. मी म्हटलं, तू तुझं बघ.

स्पर्धेच्या दिवशी मैदानाच्या दारात एकजण ताप मोजायला उभा होता. त्याच्या यंत्रात प्रत्येकाचा ताप एकच येत होता. पंख्याचा मोजला असता तरी तेवढाच आला असता. मंडप, एलईडी, भाऊंचे बॅनर, सगळं होतं. स्टेजवरच्या खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या, पुढे पारदर्शक प्लास्टिकचा पडदा, प्रत्येक खुर्चीजवळ सॅनिटायझर. आम्हाला एकेक मास्क दिला. त्यावर भाऊंचं नाव आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा छापलेल्या. तो तोंडाला लावायचा आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो त्या दिवशी आम्ही प्रत्यक्ष खाल्ला. प्लास्टिकच्या मागे बसून भाऊ भाषण करत होते की कोरोनाला घाबरून खेळ थांबता कामा नये. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

आमच्या सामन्याचे जे सरपंच ठरले होते, म्हणजे ज्यांचा मैदानावर शेवटचा शब्द असतो, ते आलेच नाहीत. गावी गेलेत असं माइकवर सांगितलं. खरं तर ते पॉझिटिव्ह निघाले होते. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. आत्याचीही तिथे पंच म्हणून नेमणूक झाली होती, ती दुसऱ्या मैदानावरचा सामना संपवून बसली होती. आयोजकांनी तिला उभं राहायला सांगितलं. भाची खेळतेय, मला नको, असं ती स्पष्ट म्हणाली. तर ठाण्याच्या संघाचे कोच म्हणाले, बाई, तुम्ही असाल तर आमचाच फायदा आहे. सगळे हसले. आत्या हसली नाही, पण उभी राहिली.

आधी दोन्ही कप्तानांना सांगण्यात आलं की हस्तांदोलन करायचं नाही, लांबून नमस्कार करा. नाणेफेकीच्या नाण्यावर सॅनिटायझर मारला. मग आम्ही एकमेकींच्या अंगावर तुटून पडलो. सात जणी एकीच्या उरावर, घामाला घाम, तोंडाला तोंड. हात मिळवला असता तर कोरोना झाला असता, नाही का?

पहिली काही मिनिटं बरी गेली. पळताना मास्क खाली घसरायचे, आम्ही वर ओढायचो. मी एक गुण आणला, एक पकड केली. निवड समितीतल्या एकाने मान हलवलेली मी डोळ्याने पाहिली. मग ठाण्याची संचिता चढाईला आली. उंच, काटक, जिल्ह्यातली नावाजलेली चढाईपटू. मी तिच्या घोट्यावर नजर ठेवून होते. ती आमच्या कोपऱ्याकडे वळली आणि अर्ध्यात तिचा दम तुटला. मास्कच्या आत ठसका लागल्यासारखं झालं. आत्याने शिट्टी मारली, दम तुटला म्हणून माघारी पाठवलं, आम्हाला तांत्रिक गुण. एकदम बरोबर निर्णय होता.

संचिता तिच्या बाजूला जाऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकली. आत्या तिच्याजवळ गेली, काहीतरी बोलली. मला वाटलं ताकीद देतेय. मग मध्यरेषेवर येऊन तिने दोन्ही कप्तानांना बोलावलं आणि सांगितलं की मास्कमुळे दम ऐकू येत नाही, तेव्हा यापुढे नियम काटेकोर लागेल.

पुढची चढाई माझी होती.

मी रेषा ओलांडली आणि असा दम लावला की पलीकडच्या रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनी माना वळवल्या. शिट्टी. दम ऐकू आला नाही, माघारी, समोरच्या संघाला गुण. पुढे त्यांची दुसरी पोरगी आली, तिचीही तीच गत. मग आमची. मग त्यांची. प्रत्येक चढाईला शिट्टी, प्रत्येक चढाईला समोरच्यांना गुण. फलकावर दोन्हीकडचे आकडे बरोबरीने वर चालले होते आणि कुणी कुणाला बोटही लावलेलं नव्हतं. लोक आधी हसले. मग शिव्या देऊ लागले. बाजूच्या पंचांनी आत्याकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्यांदा माझी चढाई आली तेव्हा मी तिच्या अगदी कानाजवळून गेले, ओरडत गेले. नजरेला नजर मिळाली. तिने माझ्याकडे बघत शिट्टी मारली.

तिला ऐकू आलं होतं. जी बाई चार घरं पलीकडचा कुकर किती शिट्ट्यांवर आहे ते सांगते, तिला माझा दम ऐकू आला नाही? ती खोटं बोलत होती, भर मैदानात, माझ्या तोंडावर.

शेवटी भाऊ प्लास्टिकच्या बाहेर आले. सगळा लवाजमा मागे. आजूबाजूला पेपरवाले होते, बंदोबस्ताला आलेले पोलीस साहेब होते. भाऊ हळू आवाजात बोलले, पण मी जवळ होते.

"बाई, पोरींना मास्क खाली घ्यायला सांगा आणि चालू करा. कशाला ताणताय?"

आत्याने टेबलावरचा माइक उचलून त्यांच्यापुढे धरला.

"तुम्ही सांगा माइकवर, मास्क काढा म्हणून. मी लगेच चालू करते."

भाऊंनी माइककडे पाहिलं, मग पोलीस साहेबांकडे पाहिलं. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, त्या दिवशी मी दोन्ही एकाच तोंडात पाहिले. माइक त्यांनी घेतला नाही. बाजूच्या पंचांना शिट्टी घ्यायला सांगितलं, तर ते म्हणाले, सरपंचांचा निर्णय आहे, आम्ही काय करणार. थोडा वेळ कुजबुज झाली आणि घोषणा झाली की तांत्रिक कारणामुळे उरलेले सामने पुढच्या रविवारी होतील. पुढचा रविवार आलाच नाही. आकडे वाढले, सगळं परत बंद झालं.

त्या संध्याकाळी मैदान सोडायच्या आधी आत्याने महेंद्र सरांना आणि ठाण्याच्या कोचना सांगितलं की उद्या दोन्ही संघांतल्या प्रत्येक पोरीची टेस्ट झाली पाहिजे. एकीची नाही, सगळ्यांची. आम्ही गेलो. माझी निगेटिव्ह आली तेव्हा मी तो रिपोर्ट तिच्यासमोर आपटला आणि म्हटलं, बघ, काही नव्हतं. नुसत्या हट्टापायी माझं आयुष्य घालवलंस. खोटारडी आहेस तू. पप्पांनी माझ्यावर हात उगारला. आत्याने त्यांचा हात धरला आणि आपल्या खोलीत गेली.

जिल्ह्याचा संघ शेवटी एका ऑफिसात टेबलावर निवडला. कुणी खेळलं नाही, कुणी दम लावला नाही, एसीत बसून बारा नावं निघाली. त्यांत दोन पोरी अशा होत्या ज्यांना मी कधी मैदानावर पाहिलं नव्हतं, भाऊंच्या वाढदिवसाच्या फोटोत मात्र पाहिलं होतं. आमच्या संघातलं एकही नाव नव्हतं. पुढे राज्य स्पर्धा कुठेतरी झाली, तो संघ गेला, पहिल्याच फेरीत हरला, पण सर्टिफिकेटं घेऊन आला.

आणि आत्यावर कारवाई झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी. जिल्हा संघटनेने चौकशीला बोलावलं, सामना जाणूनबुजून बिघडवला असा आरोप ठेवला. तिने एकच उत्तर दिलं, दम ऐकू आला नाही. त्यांनी तिला पंचांच्या यादीतून काढून टाकलं. पप्पा म्हणाले, ताई, आपण अपील करू. ती नको म्हणाली. मला तेव्हा वाटलं, बरं झालं. खोटं बोललीस ना, भोग.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. दोन खोल्यांत एकच भिंत, आणि मी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हते. भाजीची वाटी द्यायची तर आईला पुढे करायचे. ती रविवारी घरी बसू लागली. पांढरा टी-शर्ट आईने एक दिवस फरशी पुसायला घेतला, तर तिने तो आईच्या हातातून काढून घेतला, धुतला आणि परत ठेवून दिला. मी ते पाहिलं आणि माझा राग जराही कमी झाला नाही. मी पोलीस भरती दिली ती साध्या जागेवर, हजारो पोरींच्या गर्दीत. थोडक्यात राहिले. खेळाडूंच्या जागेवर लागले असते. हे मी तिला ऐकू जाईल अशा आवाजात आईला सांगायचे.

दुसऱ्यांदा भरती द्यायला गेले तेव्हा ठाण्यातल्या मैदानावर मला संचिता भेटली. माझ्याच गटात होती. आठशे मीटर धावायचं होतं. जी पोरगी अख्ख्या सामन्यात थकायची नाही, ती दुसऱ्या फेरीला कडेला जाऊन बसली. मी धावून आले, पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ गेले. तिचा श्वास बसत नव्हता. बऱ्याच वेळाने म्हणाली, कोरोनानंतर हे असंच आहे, छाती भरतच नाही. मग विचारलं, "जाईबाई कशा आहेत गं?"

मी म्हटलं, त्यांचं नाव काढू नकोस.

"तुला सांगितलं नाही त्यांनी?"

मग तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी तिला ताप होता. आधीपासून होता. रिक्षात बसून गोळी खाल्ली आणि आली. घरात वडील खोकत होते. टेस्ट केली नव्हती, कारण तिची आई वर्तकनगरमध्ये घरोघरी पोळ्या करायची आणि बिल्डिंगला बोर्ड लागला असता तर सगळी घरं सुटली असती. चढाईत दम तुटला तेव्हा आत्या तिच्याजवळ गेली आणि हळूच विचारलं, ताप आहे का? संचिताने हो म्हणून मान हलवली. एकटी बाहेर बसलीस तर सगळे विचारतील, आत्या म्हणाली, आणि बाकीच्या पोरी खेळतच राहतील. तू नुसती उभी राहा, चढाईला येऊ नकोस, मी बघते. सामना थांबल्यावर आत्या स्वतः तिच्या घरी गेली, वडिलांच्या बोटाला तो चिमटा लावला आणि तिथूनच दोघांना हॉस्पिटलात हलवलं. वडील वाचले. बिल्डिंगमध्ये आजही सगळ्यांना वाटतं की ते हर्नियाच्या ऑपरेशनला गेले होते आणि ती सोबतीला.

मला तिचा गळा धरावासा वाटला. मी तिला म्हटलं, ताप होता तर आलीस कशाला? आमच्या अंगावर पडत होतीस तू, तुला कळत नव्हतं?

"वर्ष शेवटचं होतं यार. तू नसतीस आली?"

मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि झाकण लावत बसले. समोर पुढचा गट धावायला उभा राहत होता.

घरी आले तेव्हा आत्या दारात तांदूळ निवडत बसली होती. किती दिवसांनी मी तिच्यासमोर बसले. संचिता भेटली होती, म्हटलं. तिने आधी विचारलं, धावली का ती? नाही धावली, म्हटल्यावर तिने ताटातला एक खडा काढून बाहेर टाकला. मग स्वतःच बोलली. म्हणाली, मला यादीतून काढलं ते बरोबरच केलं, पंचाने खोटी शिट्टी मारली तर त्याला काढलंच पाहिजे. पण तुझा दम मला चांगला ऐकू आला होता. तसा दम मी त्या वर्षात दुसरा ऐकला नाही. तुझं जे गेलं त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

एवढी वर्षं मी तिला शिव्या दिल्या. ज्याने आमच्या तोंडाला आपलं नाव बांधलं तो माणूस आता निवडून येऊन बसलाय, आणि ही इथे तांदूळ निवडत होती.

"आत्या, मला तरी सांगायचंस गं. घरातलीच होते ना मी?"

"तुला सांगितलं असतं तर तू बोलली असतीस."

बोलले असते. त्याच संध्याकाळी, टीमच्या ग्रुपवर, नावासकट, बिल्डिंगसकट.